ऊस पितो म्हणून टाकी वाहू द्यायची?

घरातल्या पाणीबचतीचा विषय निघाला की एक विद्वान हमखास उभे राहतात. कोरेगाव तालुक्यात त्यांची पैदास जरा जास्तच, कारण बोट दाखवायला ऊस हाताशी असतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ८० टक्क्यांहून जास्त पाणी शेती पिते, त्यातला मोठा घास उसाचा. तेव्हा दात घासताना नळ बंद करा, न्हाणीचं पाणी परसात सोडा, हे सगळे रिकामटेकड्यांचे चोचले. खरी लढाई उसाशी! शिवाय वेळू गावाला पाणी आलं ते शिवारात चर खणून, न्हाणीघरात बादल्या मोजून नव्हे. एवढं बोलून साहेब खाली बसतात. ती खरी लढाई त्यांनी कुठं सुरू केल्याचं मात्र अजून ऐकिवात नाही.

आकडा चूक नाही. उलट मीच तो वाढवून देतो. पाटानं भिजवलेल्या उसाला हंगामात पावसासकट दोन मीटर पाणी लागतं असं धरलं, तर एकराला ८० लाख लिटर होतात. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरच्या मापानं एवढ्यात ४०० माणसांचं वर्ष निघतं. घ्या, वाजवा टाळ्या. पण या गणितातून घरची टाकी वाहू द्यायची मुभा कुठून निघाली?

उसाचं पाणी आणि नळाचं पाणी एका हंड्यातलं नाही, ही साधी गोष्ट साहेबांना दिसत नाही. धोमच्या कालव्याचं आवर्तन सुटतं ते चारीनं शेतात जातं. नळाचं पाणी येतं गावच्या विहिरीतून. ते उपसायला वीज लागते, टाकीत चढवावं लागतं, त्यात टीसीएल पडतं, मग वाटप होतं. कालव्याच्या पाझरानं खालच्या विहिरी भरतात, हे कबूल. पण ज्या वाडीला कालवा डोंगरावर चढूनही दिसत नाही तिनं कुणाच्या पाझराकडं बघायचं? तालुक्याच्या उत्तरेला, वाठार स्टेशनच्या बाजूला जाऊन हे ऊसपुराण सांगून बघा. एप्रिलात विहीर तळ गाठते, पाणी दिवसाआड होतं आणि नळ जेमतेम अर्धा तास चालतो. त्या अर्ध्या तासात वरच्या आळीतल्या एका घराची टाकी भरून वाहते, कारण फ्लोट व्हॉल्व्ह मोडलाय आणि मालक चहा पीत बसलेत. त्याच्या पलीकडचा आणखी हुशार. त्यानं नळालाच मोटर लावली आहे. खालच्या आळीतल्या शेवटच्या नळाला तेव्हा नुसती हवा येते. तिथली बाई कळशी घेऊन उभी राहते, मग हापशाकडं निघते. तुमच्या टाकीवरून सांडलेलं पाणी उसाच्या तोंडचं नव्हतं, त्या बाईच्या कळशीतलं होतं. तिच्यापुढं उभं राहून ८० टक्क्यांचा आकडा म्हणून दाखवाल का? नाही दाखवणार. आकडा सभेत चांगला दिसतो, पाणवठ्यावर नाही.

आता वेळू. २०१६ साली वॉटर कप ही गावांची जलसंधारणाची स्पर्धा पहिल्यांदा झाली तेव्हा वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव असे तीनच तालुके होते आणि पहिला नंबर आपल्या वेळूनं मारला. माणसं उन्हात टिकाव-फावडं घेऊन उतरली, आपापल्या अंगणातून उठून डोंगराला गेली. त्या कष्टाचा दाखला घरात हात न हलवण्यासाठी द्यायचा, याला काय म्हणावं! शिवाय हिवरेबाजार गावानं उसाला आणि शेतीच्या बोअरला नकार दिला, तसाच पाण्याचा ताळेबंदही मांडला. ज्याला घरचं पाणी मोजणं कमीपणाचं वाटतं तो शिवाराचं मोजेल यावर माझा तरी विश्वास नाही.

बाकीचे आक्षेप किरकोळ. ‘नळपट्टी भरतो, कसंही वापरू’: नळपट्टी भरून विहिरीचा झरा विकत मिळत नाही. ‘कालचं पाणी शिळं होतं’: धरणातलं पाणी काय आज सकाळी काढलेलं असतं?

नळाचंच नव्हे, पावसाचं पाणीही आपणच घालवतो. पेव्हर ब्लॉकचा वाद जुना आहे, पण राहवत नाही. चिखल नको म्हणून अंगण, बोळ, देवळापुढचं पटांगण, सगळीकडं ते ब्लॉक बसवून घेतले. त्या वेळी पाणी मुरायला वीतभर माती तरी सोडा म्हटलं, तर आम्हाला विकासविरोधी ठरवलं गेलं. आता पावसाचं पाणी गटारानं तडक ओढ्याला जातं, आणि तेच लोक बोअर आणखी दोनशे फूट खाली न्यायला गाडी बोलावतात.

मग करायचं काय? फार काही नाही, आणि त्यात भाषणाला जागाही कमी आहे. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. पाऊस ६०० मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला म्हटलं, तरी वर्षाला ४४ हजार लिटर पाणी पाइपातून खाली येतं. सगळं साठवायची कुणाची ऐपत नसते. पाच हजारांची झाकणबंद टाकी भरावी आणि उरलेलं वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीला किंवा बोअरच्या खड्ड्याला सोडावं. पाच माणसांच्या घरात पिण्या-स्वयंपाकाला रोज २५ लिटर धरले तर ऑक्टोबरअखेर भरलेली टाकी मेच्या मध्यापर्यंत पुरते. पिण्याआधी पाणी उकळावं, एवढंच. न्हाणीचं पाणी पूर्वी सरळ परसातल्या अळवाला आणि केळीला जायचं, तशी पन्हळ पुन्हा काढता येते. जागा नसेल तर शोषखड्डा. फ्लोट व्हॉल्व्ह हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि बसवायला प्लंबर अर्धा तास घेतो. मृगाआधी गच्ची झाडून घ्यावी, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडून द्यावं आणि मगच पाइप टाकीला जोडावा.

उसाचं ठिबक, उसाची मर्यादा, पाटपाण्याची पट्टी, यांवर साहेबांनी खुशाल बैठक बोलवावी. तारीख कळवली तर मी येईन, सतरंजी उचलायलाही थांबेन. फक्त बैठक एप्रिलात खालच्या आळीत ठेवावी, आणि प्यायचं पाणी घरून आणावं.