ओरल उरकू नका

सबमिशनचा आठवडा आला की कॉम्प्युटर विभागाच्या प्रत्येक लॅबमध्ये तेच चित्र दिसते: जर्नलांचे गठ्ठे, सह्यांसाठी रांग आणि अख्ख्या वर्गाच्या राइटअपमध्ये तीच तीच वाक्ये. आता प्रोग्रामही एआयकडून हवा तसा लिहून मिळतो. जर्नल पाहून विद्यार्थ्याला काय येते हे समजत नाही. ते समजण्याची एकच जागा उरली आहे, ती म्हणजे ओरल. आणि तीच आपण घाईघाईने उरकतो.

बायनरी सर्चचेच घ्या. मधला इंडेक्स काढायला आपण फळ्यावर लो आणि हायची बेरीज करून दोनाने भागतो. जावाच्या लायब्ररीतही नेमके तेच होते. त्यात चूक आहे हे तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये जाहीरपणे लिहिले. तोवर तो कोड सुमारे नऊ वर्षे वापरात होता. जावातला इंट ३२ बिटांचा. बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली की ती ऋण होते आणि प्रोग्राम अ‍ॅरेबाहेरचा इंडेक्स मागतो. अ‍ॅरेत शंभर कोटींहून जास्त घटक असल्याशिवाय हे घडत नाही, म्हणून टेस्टिंगमध्ये कुणाला दिसले नाही. हायमधून लो वजा करून निम्मे करायचे आणि त्यात लो मिळवायचा, की काम झाले.

ओरलला ही ओळ समोर ठेवावी आणि ‘ही कधी चुकेल?’ एवढेच विचारावे. टू'ज कॉम्प्लिमेंट ज्याला खरोखर समजला आहे, तो थोडा विचार करून उत्तरापर्यंत येतो. ज्याने पाठांतर केले आहे तो टाइम कॉम्प्लेक्सिटी सांगू लागतो.

प्रवेशाच्या वेळी पालक पॅकेज विचारतात, त्यात त्यांचे काही चुकत नाही. पण चाकण-पिंपरीत गाडीच्या कंट्रोलरसाठी सी लिहिणारा, बंगळुरूला चिपचे व्हेरिफिकेशन करणारी, बँकेचा डेटाबेस सांभाळणारा, गेट देऊन एमटेकला जाणारी, या सगळ्यांना दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमधली चूक शोधावीच लागते. कॅम्पसच्या अ‍ॅप्टिट्यूड टेस्टमध्ये ती कसोटी लागत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षात लागते.

२०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी शाखेच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढली. कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. शिकवायला मात्र कितीतरी ठिकाणी तासिका तत्त्वावरचे तरुण सहकारी आहेत, आणि तुटपुंज्या मानधनावर एका दिवसात दोन-दोन बॅचची ओरल घेण्याची वेळ त्यांच्यावर येते. हा त्यांच्यावर अन्याय आहे आणि मुलांवरही. अभ्यासमंडळांनी टर्मवर्कचे निम्मे गुण तरी परीक्षकासमोर मशीनवर केलेल्या दुरुस्तीला द्यावेत आणि एका दिवशी एकच बॅच ठेवावी. नियम बदलेपर्यंत इंटर्नलला हे करायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.

पुढच्या अंकापासून असे प्रश्न आम्ही छापणार आहोत. सुरुवात लिंक्ड लिस्टमधल्या सेगमेंटेशन फॉल्टपासून. तुमच्या लॅबमध्ये विचारलेले प्रश्न, चुकलेल्या ओळीसह, जरूर पाठवा.