बाळाला पाणी नको, बाळंतिणीला हवे

आमच्या बिदर-कलबुर्गीकडच्या घरांत एक उलटा न्याय चालतो. ज्या बाळाला पाण्याची गरज नाही त्याला चमच्याने पाणी पाजतात, आणि जिचा घसा कोरडा पडलाय त्या बाळंतिणीच्या हातातला तांब्या काढून घेतात. 'पाणी पिऊ नकोस, पोट सुटेल. बाळाला सर्दी होईल.' हे सांगणाऱ्या बायका वाईट नसतात. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण मायेने सांगितले म्हणून चुकीचे बरोबर होत नाही.

पाण्याचे कारण विचारा, उत्तर तयार असते. 'आपल्याकडचा उन्हाळा पाहता ना? पारा चाळिशीच्या वर. एवढ्याशा जिवाला तहान लागत नसेल?' लागते की! पण ती भागवायची सोय आईच्या दुधातच आहे. त्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. ऊन वाढले तर बाळाला जास्त वेळा पाजावे, एवढेच. पहिले सहा महिने वरचे पाणी लागत नाही.

आमच्या जैन घरांत याच्या पुढचा युक्तिवाद निघतो. 'अहो, आमचे पाणी गाळलेले, उकळलेले, अगदी प्रासुक!' मान्य. पण प्रश्न केवळ शुद्धतेचा नाही. बाळाचे पोट ते केवढे? त्यात पाणी भरले की दूध कमी जाते. बाळ कमी ओढते आणि ओढणे कमी झाले की आईचे दूधही कमी तयार होते. मग चार दिवसांनी त्याच बायका म्हणतात, 'हिला दूधच पुरत नाही.' पुरेल कसे? पुरू दिलेच नाही!

मधाचे बोटही तसेच. मधात अशा जिवाणूचे बीज असू शकते की ज्याने वर्षाच्या आतल्या बाळाला जिवावरचे दुखणे होते. आपल्या अष्टमूलगुणांत तर मद्य-मांसाबरोबर मधाचाही त्याग सांगितला आहे. तो त्याग आम्ही पाळतो आणि मधाऐवजी साखरपाणी, गूळपाणी, उगाळलेली घुटी चाटवतो! आमच्या घरी खरवस खात नाहीत. व्यालेल्या गाईचा पहिला चीक वासराच्या हक्काचा, असे आम्ही म्हणतो. मग बाईचा पिवळसर चीक 'जड' म्हणून पिळून का टाकायचा? वासराला जो न्याय, तो नातवाला नको? त्या चिकातच रोगाशी झुंजायची पहिली ताकद असते.

सगळा दोष आज्यांच्या माथी मारून मोकळे होऊ नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली दिसतात. तरी जन्मानंतर पहिल्या तासात आईच्या अंगावर प्यायलेली मुले ४१.८ टक्केच. म्हणजे दवाखान्यातही तो तास वाया जातो. 'सिझेरियन आहे, आई थकली आहे, तोवर डबा आणा' हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले आहे. १९९२ चा कायदा बाळाच्या दुधाच्या डब्याची आणि बाटलीची जाहिरात करू देत नाही, आयांना फुकट नमुने वाटू देत नाही, डब्यावर बाळाचे चित्रसुद्धा छापू देत नाही. कायदा इतका कडक केला तो उगीच नाही.

खरोखर ज्या आईला पाजता येत नाही, जे बाळ अपुऱ्या दिवसांचे आहे, तिथे डॉक्टरांचे ऐकावे. त्या आईला कोणी टोमणा मारू नये. अशाच बाळांसाठी मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आईच्या दुधाची पेढी सुरू केली. डब्याआधी दुसऱ्या आईचे दूध, हा विचार आपल्या देशात तेव्हापासून आहे.

आता बाळंतिणीकडे या. पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. आणि आपण काय देतो? डाळ नको, पालेभाजी नको, फळ थंड, दिवेलागणीनंतर काहीच नको. रात्री तीनदा उठून पाजणारीने उपाशी राहावे, हे कोणत्या शास्त्रात आहे? सोळाकारण भावनांत त्याग आणि तप शक्तीप्रमाणे करायला सांगितले आहे. ओल्या बाळंतिणीची शक्ती सासूने ठरवायची नाही. कर्नाटकात २०१७ पासून मातृपूर्ण योजनेत अंगणवाडीत गरोदर आणि पाजत्या बायकांना दुपारचे गरम जेवण मिळते. पण सव्वा महिना उंबरा ओलांडू दिला नाही तर ती ते जेवणार कधी?

आणखी एक सीमेवरची अडचण. सासर भालकीचे, माहेर उदगीरचे. हातातले तायी कार्ड कानडीत, वाचणारी आजी मराठी. मग कार्ड पेटीत जाते आणि कानावरचे ऐकीव तेवढे उरते. आशाताई घरी येतात, त्यांना दारातून परत पाठवू नका. कार्ड वाचून घ्या, विचारा.

दूध पुरते की नाही, हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नका. पहिल्या आठवड्यानंतर दिवसरात्रीत सहा तरी दुपटी ओली होतात का, वजन वाढते का, ते पाहा. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग तापले किंवा गार पडले, श्वास भराभर चालू लागला, तर घुटी उगाळत बसू नका, दवाखाना गाठा.

आणि तो काढून घेतलेला तांब्या आधी तिच्या उशाशी परत ठेवा. भरून.