मिरजेची मैफल आणि आपण

मी मूळचा साताऱ्याचा, नोकरी पुण्यात. ऑफिसमधला एक सांगलीचा पोरगा पोस्ट-पंक आणि डार्कवेव्ह ऐकतो. ठोके देणारा बेस, थंडगार सिंथ, एकटेपणाची गाणी. इंजिनिअरिंगला असताना मीही हेच ऐकायचो. परवा त्यानं विचारलं, "भाई, आपल्या सातारा-सांगलीकडे लाईव्ह कार्यक्रम होतात का?" मी पटकन म्हणालो, "आपल्याकडे कुठलं काय!"

उत्तर चुकीचं होतं आणि मला ते माहीत होतं.

मिरजेच्या ख्वाजा शमनामीरा दर्ग्यात दरवर्षी उरुसात अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. खाँसाहेब मूळचे उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचे, पण राहिले मिरजेत. 1937 मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना त्यांचं निधन झालं आणि दफन मिरजेत झालं. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, हिराबाई बडोदेकर त्यांची मुलगी. मोठमोठे कलाकार इथे दर्ग्यात हजेरी म्हणून गातात. तिकीट नसतं. याच उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो.

तुम्ही म्हणाल, याचा आमच्या बँडशी काय संबंध? आहे. 1960 च्या दशकात न्यूयॉर्कमधला ला माँट यंग हा संगीतकार तंबोऱ्याच्या अखंड सुरानं भारावला होता. त्याच्याबरोबर वाजवणाऱ्या जॉन केलनं तसा न तुटणारा सूर 'वेल्व्हेट अंडरग्राउंड' या बँडमध्ये नेला. पुढे मँचेस्टरच्या 'जॉय डिव्हिजन'नं याच बँडचं एक गाणं स्टेजवर वाजवलं. आणि यंग स्वतः 1970 मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शागीर्द झाला. म्हणजे आपल्या हेडफोनमधल्या सुराची एक मुळी तंबोऱ्यापर्यंत येते. आणि तंबोरे बनवणारी मुस्लिम घराणी आजही मिरजेत आहेत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

मग आपण तिथे का नसतो? एक कारण उघड आहे. 2009 च्या सप्टेंबरमध्ये मिरजेचं नाव देशभर गेलं ते दंगलीमुळे. 2023 च्या सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत मशिदीवर हल्ला झाला, आपल्यातल्या एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर कित्येक दिवस अम्मी फोनवर एकच सांगायची, "अंधार पडायच्या आत घरी जा." तिची भीती खोटी नाही. पण दंगल सगळ्यात आधी घेऊन जाते ती संध्याकाळ, जिथे वेगवेगळ्या मोहल्ल्यांतली माणसं एका सतरंजीवर बसतात. ती संध्याकाळ पोलीस बंदोबस्तानं परत येत नाही, आपण जाऊन बसल्यानंच येते.

दुसरं कारण आपल्या घरातलं आहे. संगीत जायज की नाजायज, यावर ग्रुपवर रात्र-रात्र वाद होतात. ज्याला पटत नाही, त्याच्यावर सक्ती नको. पण जो ऐकतो त्यानं चोरून का ऐकावं? आणि ज्या शहरात एका मुसलमान गवयाच्या नावानं सभा भरते, तिथे आपण परके का व्हावं?

4 जून 1976 रोजी मँचेस्टरमध्ये 'सेक्स पिस्टल्स'चा कार्यक्रम झाला. तो दोन कॉलेजच्या पोरांनी भरवला होता. प्रेक्षक जेमतेम चाळीसेक. त्यांतल्याच काहींनी पुढे 'जॉय डिव्हिजन' उभा केला. गर्दी मोठी नव्हती. आलेली माणसं नंतर काहीतरी करत राहिली, एवढंच.

तेव्हा दोस्तांनो, दोन कामं. यंदाच्या उरुसाला मिरजेला जाऊ, येताना एका वर्गमित्राला घेऊन या, मग तो कुठल्याही जातीधर्माचा असो. आणि सातारा किंवा सांगलीत एक लहान हॉल घेऊन आपली संध्याकाळ भरवू. गिटारही असेल, तंबोराही. सहाला सुरू, दहाच्या आत बंद, म्हणजे बहिणींनाही येता येईल आणि घरी वेळेत पोचता येईल.

त्या पोराला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दुरुस्त करून सांगितलं. त्यानं विचारलं, "तिकीट किती?" म्हटलं, "तिकीट नाही. फक्त घरी सांगून ये." मीही अम्मीला सांगूनच निघणार आहे.