गर्भारशीला सल्ला नको, हात द्या



पर्युषणात कल्पसूत्र ऐकताना आपले डोळे भरून येतात. आईला त्रास नको म्हणून गर्भातले महावीर निश्चल राहिले. त्रिशलामाता घाबरल्या, तेव्हा पुन्हा हलले. पोटातल्या बाळाला कळलं, ते घरातल्या मोठ्यांना का कळू नये?

सून सहा महिन्यांची गरोदर, हिमोग्लोबिन 11 च्या खाली, पाय सुजलेले, थोरलं कडेवर. आणि आपण म्हणतो, "जप हो! आमच्या वेळी तर याहून जास्त कामं होती." होती ना! मीही राबले, चक्कर येऊन पडले. त्याला संस्कार म्हणू नका.

ऑगस्ट 2022 मध्ये आपल्या मोखाड्यातल्या मर्कटवाडीत एका बाईला सातव्या महिन्यात जुळी झाली, दोन्ही दगावली. रस्ता नाही म्हणून तिला झोळीतून आणावं लागलं. तो रस्ता सरकारकडे खडसावून मागायलाच हवा. पण आपल्या दारात रस्ता असूनही सुनेला दवाखान्यात जायला सवड नसते, ते कुणामुळे?

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी स्वयंपाक सासूने करावा, थोरल्याला आजोबांनी सांभाळावं, नवऱ्याने सोबत जावं. लोहाची गोळी चहाबरोबर देऊ नये. उपवासाचा आग्रह तर कुणी धरूच नये.

आपण पाणी गाळून पितो, मुंगीला जपतो. मग घरातल्या या दोन जिवांची अहिंसा कधी पाळणार?