दौंडची तार आणि अवांतर गप्पांचे मोल

धागा 🧵

१/
मित्रहो, आजचा धागा एका फर्मानापासून सुरू करतो. शिरूर तालुक्यातील रांजणगाव आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ या दोन औद्योगिक वसाहतींत पाळीने काम करणाऱ्या तंत्रज्ञांचे अनेक व्हॉट्सॲप समूह आहेत. त्यांपैकी एकात माझा थोरला भाऊ आहे. मध्यंतरी तेथे कोणीतरी बिघडलेल्या कॉम्प्रेसरची पत्रिका मांडली, दुसऱ्याने शनीची शांत सुचवली, आणि तासाभरात समूहप्रमुखाची सूचना आली : "कामाव्यतिरिक्त मजकूर टाकू नये. टाकणाऱ्यास काढून टाकण्यात येईल."

२/
समूह शांत झाला. पण दादाने सांगितलेली पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटली. रात्रपाळीत अडलेली नवखी पोरे पूर्वी बिनदिक्कत प्रश्न विचारत असत. तेही विचारेनाशी झाली. थट्टा थांबली आणि तिच्यामागोमाग शंकाही थांबल्या. हा योगायोग नव्हे, असे माझे मत आहे. त्याचा पुरावा इतिहासात शोधायचा तर फार दूर जायला नको. दौंडच्या फलाटावर उभे राहिले तरी पुरे.

३/
आधी नदीच्या अलीकडची गोष्ट. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून कॅप्टन स्टाँटनची तुकडी पुण्याच्या रोखाने निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावला लढाई जुंपली. त्या काळी बातमीचा वेग म्हणजे घोड्याचा, सांडणीचा किंवा जासूदाच्या पायांचा वेग. निरोप नेणारा माणूस मुक्कामाला थांबे, चिलीम ओढी, आणि खलित्यात नसलेल्या चार गोष्टी तोंडी सांगून जाई. खलिता आणि गप्पा एकाच माणसाच्या तोंडून येत असत.

४/
पुढे काळ बदलला. १८६० पर्यंत पुण्याकडून निघालेला लोहमार्ग दौंडवरून सोलापूरला पोहोचला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि इंग्रजी कागदांतले 'धोंड' हे मोठे जंक्शन बनले. शिरूर मात्र घोडनदीच्या काठी रेल्वेवाचूनच राहिले, ते आजतागायत. रुळांबरोबर तारेचे खांब आले आणि खांबांबरोबर एक नवी जमात आली : तारमास्तर, म्हणजेच सिग्नलर.

५/
हे आपल्या भूमीवरचे पहिले 'ऑनलाइन' तंत्रज्ञ म्हणावे लागतील. प्रत्येक स्थानकाला छोटी सांकेतिक अक्षरे असत. रेल्वेच्या नोंदीत दौंड आजही 'डीडी' आहे आणि मनमाड 'एमएमआर'. एका सामायिक तारेवर अनेक स्थानके जोडलेली असली, तर एकाने कळ दाबताच सर्वांची यंत्रे कडकट्ट करू लागत. निरोप एकाला उद्देशून असला तरी कान सगळ्यांचे. आजच्या समूहाची रचना याहून फार निराळी नाही.

६/
आता गंमत पाहा. मोर्सच्या कळीलाही हस्ताक्षर असते. कोण ठिपका तोडून देतो, कोण रेघ लांबवतो, यावरून मुरलेला तारमास्तर पलीकडचा माणूस ओळखी. जगभर या लोकांनी मोकळ्या वेळात तारेवर गप्पा मारल्या. १८४४ मध्ये वॉशिंग्टन-बाल्टिमोर ही मोर्सची पहिली तार सुरू झाली आणि त्याच वर्षी तिच्यावर पटावरचे डाव रंगले. १८७९ मध्ये एला चीव्हर थेयर या अमेरिकन लेखिकेने तारेवर जुळलेल्या प्रेमाची कादंबरी लिहिली. ती स्वतः तारयंत्रावर काम केलेली होती.

७/
या जमातीची परिभाषाही मजेदार होती. '७३' म्हणजे शुभेच्छा, '८८' म्हणजे प्रेम. अडखळत कळ दाबणाऱ्याला चिडवायला 'हॅम' हा शब्द होता. पुढे हौशी रेडिओवाल्यांनी ती शिवी बिरुदासारखी मिरवली. आजही ते स्वतःला हॅम म्हणवतात आणि संभाषणाचा शेवट ७३ ने करतात. चिडवण्याचे शब्द आपलेपणाचे कसे होतात, याचे यासारखे दुसरे उदाहरण क्वचितच मिळेल.

८/
"पण याचा उपयोग काय?" असा प्रश्न समूहप्रमुख विचारील. त्याला ११ मे १८५७ ची दिल्ली दाखवावी. मेरठचे शिपाई शहरात शिरले तेव्हा तारघरातील ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन या दोन तरुण सिग्नलरांनी अंबाल्याच्या सहकाऱ्यांना घाईघाईने कळवले. ती कोणा सेनापतीची आज्ञा नव्हती. आपल्या माणसाला सांगावे तसे एका कळीने दुसऱ्या कळीला सांगितले, आणि त्यावरून पंजाबातील इंग्रज अधिकारी सावध झाले. बंडवाल्यांच्या दृष्टीने ती तार घातकच ठरली. आपली सहानुभूती कोणत्याही बाजूला असो, पण औपचारिक यंत्रणा गोंधळलेली असताना ओळखीची वाट उपयोगी पडली, ही गोष्ट नाकारता येत नाही.

९/
दुसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. मे १८९९ मध्ये जीआयपी रेल्वेच्या, म्हणजे दौंडवरून जाणाऱ्या याच रेल्वेच्या, सिग्नलरांनी संप पुकारला. मागण्या वेतनाच्या, कामाच्या तासांच्या आणि सेवेच्या अटींच्या होत्या. टिळकांच्या 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी महिनोन्‌महिने संपाची बाजू लावून धरली. फिरोजशहा मेहता आणि दिनशा वाच्छा यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी सभा आणि निधी यांच्या रूपाने साहाय्य केले. भारतातील संघटित कामगारलढ्यांच्या प्रारंभकाळात या संपाचे नाव आदराने घेतले जाते.

१०/
येथे थोडे थांबून विचार करा. गिरणीतले कामगार एका छपराखाली असतात. चाळीत भेटतात, चहाच्या दुकानात भेटतात. सिग्नलर मात्र एकेका स्थानकावर एकेकटा, शेजारचा सहकारी कित्येक मैलांवर. एकमेकांचे तोंड न पाहिलेली माणसे एकाच वेळी नोकरी पणाला लावतात, तेव्हा त्यांच्यात आधीचा काहीतरी विश्वास असलाच पाहिजे. तो केवळ गाड्यांच्या वेळा कळवून निर्माण झाला असेल, हे मला पटत नाही. माझे अनुमान असे की, रात्रीच्या निवांत तारेवरील हालहवाल आणि थट्टामस्करी यांनीच तो घडवला.

११/
मी 'अनुमान' म्हणतो, कारण दप्तराचा स्वभावच तसा असतो. नोंदवहीत तोच निरोप चढतो, ज्याचे दाम मोजले गेले किंवा ज्यावर साहेबाचे नाव होते. अवांतर शब्द कागदावर उतरत नाही. तो तारेतून येतो आणि कानातून विरून जातो. म्हणून इतिहासाच्या पुस्तकात संप दिसतो, पण संपाआधीच्या हजार रात्री दिसत नाहीत.

१२/
कधीकधी मात्र नशिबाने अवांतरही हाती लागते. १९८२ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक-फलकावर, कोसळत्या लिफ्टमध्ये पाऱ्याचे काय होईल, यावर टवाळकी चालली होती. कोणी गमतीने लिफ्टमध्ये पारा सांडल्याची सूचना लिहिली, ती काहींना खरी वाटली. तेव्हा १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी सुचवले की थट्टेपुढे :-) ही खूण करावी. आज आपण रोज पाठवतो त्या हसऱ्या चेहऱ्यांचा हा पूर्वज. तो संवाद २००२ मध्ये जुन्या फितींतून शोधून काढावा लागला. एखाद्या व्यवस्थापकाने त्या दिवशी "कामापुरते बोला" म्हटले असते, तर?

१३/
दुसरी बाजूही मांडली पाहिजे. तारेवर गप्पा रंगल्या आणि गाडीचा निरोप खोळंबला, तर माणसे मरू शकतात. शिवाय थट्टा नेहमीच निरागस नसते. वसाहतकाळातील रेल्वेत गोरा, अँग्लो-इंडियन आणि देशी यांच्यात पगारापासून वागणुकीपर्यंत भेद होता; अशा ठिकाणी विनोद हा वरच्याने खालच्याला मारलेला टोमणाही असू शकतो. आजच्या समूहांतही जातीवरून, बोलीवरून किंवा एकट्या महिला सहकाऱ्यावरून होणारा विनोद कोणाला आपलेसे करत नाही. तो दार लावून घेतो. त्याला इतिहासाचा आधार देण्याची माझी इच्छा नाही.

१४/
पण यावर उपाय म्हणून सगळ्यांचेच तोंड बांधणे म्हणजे ढेकूण झाले म्हणून घर जाळणे होय. तातडीचे काम आले की गप्पा बाजूला, एवढी शिस्त पुरते. ज्याची थट्टा झाली त्यालाही हसू आले पाहिजे, ही दुसरी कसोटी. या दोन मर्यादा सांभाळल्या, तर अवांतर हे कामाचेच वंगण आहे. ज्याच्यासोबत आपण हसलो, त्याच्यासमोर "मला हे येत नाही" असे म्हणायला लाज वाटत नाही. यंत्रांच्या गावात हे एक वाक्य वेळीच बोलले गेले, तर अपघात टळतो.

१५/
१४ जुलै २०१३ च्या रात्री भारतातील तारसेवेचा शेवटचा दिवस संपला. मोर्सची कळ हाताळलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. दौंडच्या रेल्वे वसाहतीत वाढलेल्या, रेल्वेतून निवृत्त झालेल्यांच्या घरात राहणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे. आजोबांना गाड्यांच्या वेळा विचारू नका, त्या छापील वेळापत्रकात मिळतील. रात्री काम नसताना तुम्ही एकमेकांशी काय बोलत होता, कोणाला काय नाव ठेवले होते, हे विचारा. फोनवर ध्वनिमुद्रण करा, तारीख आणि स्थानक लिहून ठेवा. दप्तराने न जपलेला इतिहास घरात बसलेला आहे.

१६/
ता. क. : दादाच्या समूहातील मंडळींनी अखेर दुसरा समूह काढला. नाव ठेवले 'कॉम्प्रेसरची साडेसाती'. परवा रात्री अडीच वाजता तेथे एका नव्या पोराने प्रश्न विचारला आणि पाच मिनिटांत तीन उत्तरे आली. त्यांतले एक निव्वळ टवाळीचे होते.

धागा आवडला तर आपल्या समूहप्रमुखांना अवश्य पाठवा. ७३.