समोरच्याने मोडला म्हणून?

निय्यत, म्हणजे मनाचा संकल्प, हा रोज्याचा पाया. ती नसेल तर दिवसभर घशाखाली पाण्याचा थेंब गेला नाही, तरी तो रोजा होत नाही. ती नुसती उपासमार. शस्त्रसंधीचेही असेच असते. सीरियातील इदलिबच्या जनतेने ते २०१९च्या रमजानमध्ये सोसले.

२०११ पासून यादवीत होरपळणाऱ्या सीरियात इदलिब हा बंडखोरांचा शेवटचा मोठा गड उरला होता. तेथे सुमारे तीस लाख लोक राहत होते. त्यांतील जवळपास निम्मे इतर भागांतून परागंदा होऊन आलेले. सरकारी फौजा चढाईच्या तयारीत असताना, १७ सप्टेंबर २०१८ रोजी रशियाचे अध्यक्ष पुतिन आणि तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांनी सोची येथे करार केला. दोन्ही बाजूंच्या सीमेवर १५ ते २० किलोमीटर रुंदीचा निःशस्त्र पट्टा आखला गेला. १० ऑक्टोबरपर्यंत रणगाडे व तोफा हटवायच्या, १५ ऑक्टोबरपर्यंत कट्टर गटांचे लढवय्ये बाहेर काढायचे आणि गस्त या दोन देशांनी घालायची, असे ठरले.

हा करार अगदीच फोल नव्हता. दारात आलेली चढाई काही महिने टळली, हेही थोडे नव्हे. अवजड शस्त्रे बऱ्याच अंशी मागे गेली. पण कट्टर लढवय्ये हटले नाहीत. उलट जानेवारी २०१९ मध्ये हयात तहरीर अल-शाम या संघटनेने इदलिबचा बहुतांश भाग ताब्यात घेतला. सरकारी तोफाही पूर्ण शांत झाल्या नव्हत्या. प्रत्येक जण दुसऱ्याच्या उल्लंघनाकडे बोट दाखवत राहिला. एप्रिलअखेरीस हवाई हल्ले वाढले आणि ६ मे रोजी, नेमक्या पहिल्या रोज्याच्या दिवशी, सरकारी फौजांनी जमिनीवरून चढाई सुरू केली. त्याच रमजानमध्ये मारात अल-नुमानच्या बाजारावर रात्री बॉम्ब पडले, तेव्हा इफ्तारनंतर लोक बाहेर पडलेले होते. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीनुसार पुढच्या चार महिन्यांत हजाराहून अधिक नागरिक मारले गेले.

कोणी भांडण उकरून काढले, तर आपला रोजा आहे एवढे सांगून बाजूला व्हावे, अशी पैगंबरांची शिकवण आहे. शेजाऱ्याने रोजा मोडला म्हणून आपला मोडायची मुभा मिळत नाही. इदलिबमध्ये ही शिकवण दोन्हीकडच्यांना ठाऊक होती. इस्लामचे नाव घेऊन लढणाऱ्यांनाही ती आठवली नाही, हे मुसलमान म्हणून लिहिताना जास्त बोचते. स्वसंरक्षणाचा हक्क कोणी नाकारत नाही. पण बाजारावर बॉम्ब टाकणे हे स्वसंरक्षण नव्हे.

आणखी एक गोष्ट. पट्ट्याची आखणी परक्या दोन सत्तांनी केली. ज्यांच्या शेतांतून, घरांतून तो गेला, त्यांना कोणी विचारले नाही. करार मोडल्यावर जाब विचारायलाही त्यांना दार नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये असद राजवट कोसळली आणि ती सीमाही पुसली गेली. गेलेली माणसे मात्र परतली नाहीत.

जगात उद्या कोठेही असा पट्टा आखला जाईल, तेव्हा त्याची रुंदी नंतर मोजावी. आधी विचारावे, तेथे राहणाऱ्यांना बोलायला जागा आहे का. आणि सही करणाऱ्यांची निय्यत काय आहे?