रील संपली, केस नाही

तात्या विंचू, कवट्या महाकाळ, टकलू हैवान. नावं वाचूनच हसू आलं ना? महेश कोठारेंचे 'थरथराट' (१९८९), 'धडाकेबाज' (१९९०) आणि 'झपाटलेला' (१९९३) आले, तेव्हा आपला जन्मही झाला नव्हता. तरी मीम्समध्ये हे गुंड अजून जिवंत आहेत. कारण सोपं आहे. गुन्हेगारी आणि मारामारीत कॉमेडी मिसळली की भीती लहान होते. तात्यासारख्या खुन्याचा आत्मा बाहुल्यात अडकतो आणि त्याच्या दराऱ्याचंही हसू होतं.

पण या फॉर्म्युल्यात एक माणूस कायम हरवतो. ज्याला मार बसला, तो. हाणामारी संपली की पुढचा विनोद सुरू. ज्याच्या घरातलं कुणी गेलं, त्याच्याकडे वळायला कॅमेऱ्याला वेळ नसतो.

पडद्यावर हे खपून जातं, रस्त्यावर नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिक पोलिसांनी पकडलेल्यांकडून 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' असं म्हणवून घेतलं. त्या रील्स तुम्हीही फॉरवर्ड केल्या असतील. दादागिरी करणाऱ्यांची जिरली म्हणून बरं वाटलं, हे खरंच. पण त्या रीलमध्ये तक्रारदार कुठे होता? त्याच्या केसचं पुढे काय झालं, आरोप सिद्ध झाले का, हे किती जणांनी विचारलं?

तात्यावर खुशाल हसा. पण गुन्हा खरा असेल, तर रील संपल्यावर बातमीही वाचा. सिनेमा अडीच तासांत आटपतो, कोर्टाच्या तारखा नाही.